एकाचे दोन होण्याआधी

४ फेब्रुवारी

दिसलं! आलेखावर टेंगूळ दिसलं. काचेवरच्या रेणूंच्या पातळ थराला लेझरचा झटका बसल्यानंतर आणि एकाचे दोन होण्याआधी — बरोबर मध्ये. एवढंसं. पण आहे.

आनंदाच्या भरात आईला फोन केला. तिला पुन्हा सगळं सांगितलं. रेणूवर प्रकाश पडला की तो उत्तेजित होतो. काही पदार्थांत तो अर्धी ऊर्जा शेजारच्या रेणूला देऊन टाकतो. म्हणजे एका प्रकाशकणात दोन उत्तेजित रेणू! सोलर पॅनेलवाल्यांना लॉटरीच. पण हे एकदम घडतं, की मध्ये आणखी एक अवस्था येते — एकाचा इलेक्ट्रॉन शेजाऱ्याकडे कललेला, धड इकडे ना तिकडे — यावर सगळं भांडण आहे. माझं टेंगूळ म्हणजे ती मधली अवस्था असणार.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "तू एकाचे दोन करत बस. आम्ही दोनाचे चार कधी करायचे ते सांग."

५ फेब्रुवारी

मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, दाखवलं. धाकधूक होतीच. ज्या पेपरने त्यांचं नाव झालं त्यात त्यांनी ठणकावून लिहिलंय — मध्ये काही नाही, थेट दोन होतात. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिल्या.

"एका थरावर कसा विश्वास ठेवू? दुसऱ्यावर दाखव."

दाखवते!

११ फेब्रुवारी

काचेवर नवा थर. टेंगूळ नाही.

१२ फेब्रुवारी

तिसऱ्यावरही नाही. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "पहिल्या थरात घाण असणार. सोडून दे. प्रबंधाचं वर्ष आहे तुझं."

सोडून दे म्हणे! घाण असेल तर तसं सिद्ध करून सोडेन. नुसतं म्हणून नाही.

थर बनवतो बाटली. बाटली म्हणजे आमचा रसायनवाला — खिशात कायम एखादी रिकामी कुपी, म्हणून हे नाव. इथला माझा एकुलता एक मित्र. त्याची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही हे याच महिन्यात ठरणार आहे, आणि ठरवणार मॅडम. हे मला माहीत होतं. तरी विचारलं. विचारावंच लागलं.

"पहिल्या वेळी काही भेसळ झाली असेल का रे?"

"म्हणजे माझ्या हाताला घाण? आणि हे मॅडमसमोर बोललीस?"

मी नव्हते बोलले. मॅडमच बोलल्या होत्या. पण तोवर तो दार आपटून गेला.

१७ फेब्रुवारी

बाटली बोलत नाही. चहाच्या मशीनपाशी मला बघितलं आणि अर्धा भरलेला कप घेऊन निघून गेला.

२१ फेब्रुवारी

पहिला थर तपासायला दिला होता. निकाल आला — शुद्ध! औषधालाही भेसळ नाही.

लेझर तोच. रेणू तेच. मीही तीच. मग फरक कशाचा?

मॅडम म्हणाल्या, "फार हट्टी आहेस तू."

"हो."

त्या किंचित हसल्यासारख्या वाटल्या. की भास?

२४ फेब्रुवारी

आज बाटलीला जिन्यात गाठलं. वाट अडवूनच उभी राहिले.

"तुझा थर शुद्ध आहे. मॅडमना तसं लेखी दिलंय मी. आता एवढंच सांग — त्या दिवशी काय वेगळं केलंस?"

"काही नाही."

"बाटल्या!"

तो कठड्यावर टेकला. मग हळूच म्हणाला, "अर्धवट टाकून गेलो होतो. ताईला कळा सुरू झाल्या म्हणून फोन आला. भाऊजी बाहेरगावी. काच तशीच झाकून पळालो. दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तर थर वाळलेला. म्हटलं, कोणाला काय कळतंय? दिला तुला. मॅडमना कळलं असतं तर... या महिन्यात कसं सांगणार होतो गं?"

म्हणजे नेहमी आपण काच गरगर फिरवून थर भरभर वाळवतो. तो एकच थर सावकाश वाळला!

त्याला जिन्यातच मिठी मारणार होते. आवरलं. "ताई कशी आहे?" विचारलं.

"मुलगी झाली. तू विचारशील म्हणून किती दिवस वाट बघितली."

ताईचे दिवस भरत आलेत हे मला माहीत होतं, तरी एकदाही विचारलं नव्हतं. तिथेच बाळाचा फोटो मागितला.

३ मार्च

गेल्या आठवड्यातच बाटलीने मॅडमना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मी बाहेर नखं खात उभी. बाहेर आला तो एवढंच म्हणाला, "झाकून ठेवलेले आणखी तीन थर हवेत म्हणाल्या."

तिन्ही तयार झाले. तिन्हींवर टेंगूळ!!

क्ष-किरणांखाली घातले तर रेणूंची बैठकच निराळी निघाली. भरभर वाळलेल्यात ते लांब लांब, एकमेकांकडे पाठ केल्यासारखे. सावकाश वाळलेल्यात खेटून, जरासे सरकून. तेच रेणू! शेजार बदलला तर मधली अवस्था आली.

६ मार्च

मला वाटलं, आता लिहायला बसायचं. मॅडम म्हणाल्या, "थांब. खरोखर एकाचे दोन होत असतील तर चुंबकाजवळ थराची चमक बदलायला हवी. दोन्ही तऱ्हेचे थर ठेवून बघ."

"भरभर वाळलेले कशाला? त्यांत तर थेट दोन होतात, तुमच्याच पेपरात आहे."

"म्हणूनच ठेव."

९ मार्च

झाकलेल्या थरांची चमक बदलली. भरभर वाळलेल्यांची — ढिम्म! पुन्हा लावलं. ढिम्म. त्यांत एकाचे दोन होतच नाहीत. थेट नाही, वळसा घेऊनही नाही. आणि मॅडमचा तो पेपर उभा आहे तो याच थरांवर.

आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आधी माझा पेपर मागे घेते," त्या म्हणाल्या. "मग तुमचा पाठवू."