माझ्या पट्टीचा फूट

काष्टी, ता. १८ मार्च १९७३

ती. राधाकृष्ण दाजींच्या चरणी सहादेवचा नमस्कार. अक्कांनाही सांगावा.

हे पत्र लिहिणाऱ्याने आजवर स्वतःच्या हाताने काय काय केले, ते आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला तोल सांभाळता येईल. आमच्या मानवी हक्क शिक्षण केंद्राची बाके, चार. फळा तिवईसह, एक. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तीसही कलमे रंगवलेला पत्रा, एक (अक्षर माझेच, दोन रंगांत). तक्रारअर्ज ठेवायची कप्प्यांची पेटी, एक. खडी मोजायची बिनबुडाची पेटी, एक. तुमच्या स्वयंपाकघराचे दार, एक. पण त्याविषयी शेवटी. आणि ज्या एका वस्तूतून या सगळ्या जन्मल्या ती शिसवी फूटपट्टी, सन १९५४, एक. शिक्षण चौथीपर्यंत, पुढचे सगळे स्वतःचे स्वतः. गुरू कोणी नाही, त्यामुळे चूक झाली तर वाटून घ्यायलाही कोणी नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कितव्या पायरीला कळ येते ते मोजून कळवा. मोघम 'दुखतो' असे लिहू नये. इकडे दुष्काळाने सुतारकी बंद आहे. नवी अवजारे करून घेईल असा कोणी उरला नाही, म्हणून आमची घरची मंडळी गेले चार महिने सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडते. डाव्या तळव्याला तीन घट्टे, उजव्या तळव्याला चार. ती दाखवत नाही, मी मोजले.

केंद्र तुम्हाला माहीत आहे. रज्जाकभाई शिंप्यांच्या दुकानामागच्या खोलीत तीन वर्षे चालले आहे, पगार कोणालाच नाही. दर बुधवारी मी एक कलम वाचतो आणि त्यावर अर्धा तास बोलतो (रज्जाकभाई पाऊण तास म्हणतात). महिन्यापूर्वी तेविसावे कलम लावले होते, कामाच्या योग्य मोबदल्याचे. समोर खडीवरच्या बाया. त्यांतली साळूबाई मध्येच उठली आणि म्हणाली, "मिस्त्री, कलमं तुमची लई चांगली हाईत. पन खडी मोजायची पेटी दिसागनिक मोठी हुतीया, तिला कंचं कलम लावायचं?"

तिला मजुरी पेटीवर. पेटी जमिनीवर ठेवायची, खडीने भरायची, पेटी उचलायची, की मुकादम कागदावर एक रेघ ओढतो. आत पाच फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट उंच असे सरकारी माप आहे. मी भर दुपारी जाऊन ती पेटी पाहिली आणि मोठी आहे हे नजरेनेच ओळखले. मग आठ दिवस बसून सरकारी मापाची खरी पेटी केली, चारही सांधे पाचरीचे, खिळा एकही नाही. केंद्राच्या नावाने अर्ज केला, अर्जाच्या तीन प्रती. आणि दाजी, अर्जाला मान मिळाला. परवाच्या बुधवारी डेप्युटी इंजिनिअर साहेब जीपने स्वतः कामावर आले.

दीडशे बाया काम थांबवून भोवती उभ्या. माझे भाषण साहेबांनी सातव्या मिनिटाला थांबवले आणि शिपायाकडून पोलादी टेप उघडवली. मुकादमाची पेटी: लांबी बासष्ट इंच, रुंदी पंचवीस, उंची तेरा. मी तिथेच मातीत हिशेब मांडला. सहा पेट्या भरल्या की सात पेट्यांची खडी जाते. (काटेकोर सांगायचे तर सातवीत साठ घनइंच कमी पडतात; तेवढे मी मुकादमाला सोडले.) मुकादम चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. बायांनी असा गलका केला की जीपचा ड्रायव्हर खाली उतरला. साहेब म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून या मिस्त्रींची पेटी वापरा. शिपाई टेप गुंडाळू लागला.

इथे थांबायला हवे होते. मी म्हणालो, "साहेब, माझीही मोजा."

साहेब म्हणाले, गरज नाही. मी म्हणालो, न मोजलेले माप म्हणजे नुसता शब्द, आणि केंद्र शब्दावर चालत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिले. मी पुन्हा म्हणालो. शेवटी टेप उघडली. लांबी साठला पाच अष्टमांश कमी. रुंदी चोविसाला पाव कमी. उंची बाराला अष्टमांश कमी. दाजी, मी ते आकडे स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचले, कारण वाचायचे काम माझ्याकडे होते.

मुकादमाने मान वर केली. "बघा सायेब, हक्कवाल्यांची पेटी! आमची फुगल्याली, तर यांची आटल्याली." (बत्तीस पेट्यांमागे एका पेटीची मजुरी बायांना जास्त गेली असती, हेही मीच साहेबांना काढून दिले.) साहेबांनी दोन्ही पेट्या नामंजूर केल्या. गुरुवारी, ता. २९ला, बिनचूक पेटी सगळ्यांदेखत मोजून दाखवलीत तर ती लागू, नाहीतर अर्ज निकाली. तोवर मुकादमाचीच पेटी चालू. जीप गेली. साळूबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. "अवो मिस्त्री, टेप गुंडाळला हुता की त्यानं! तुमाला कुनी इचारलं हुतं?"

आमची मंडळी मागे उभी होती. ती हातोडी घेऊन पुन्हा खडीवर बसली.

दोष पट्टीचा. अठरा-एकोणीस वर्षे तिच्या टोकाने मी रंध्याचा भुसा उकरला, वाळलेला सरस खरवडला. टोक अष्टमांश इंच झिजले आणि पाच वेळा पट्टी ठेवली की पाच अष्टमांश गेले. रज्जाकभाई तीन वर्षे सांगत होते की तुमची पट्टी आखूड आहे. मी म्हणत होतो, तुमची फीत ताणली आहे. मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली. त्यांनी सुईत दोरा ओवला, मग म्हणाले, "बरं झालं, मिस्त्री, कापडं म्या बेतली. तुमच्या पट्टीनं गावाच्या इजारी गुडघ्यावर आल्या असत्या." (अतिशयोक्ती. इजारीमागे फार तर तीन अष्टमांश.)

मला वाटले, आता केंद्रात कोणी येणार नाही. पण काल शनिवारी, बाजाराच्या गर्दीतून, साळूबाई एकोणीस बाया घेऊन आली. बाके चार, त्यामुळे सात जणी खाली बसल्या. म्हणाली, "कलम ऱ्हाऊ द्या. आमाला मोजायला शिकवा. ह्याच्याफुडं तुमच्या भरवशावर न्हाई आन् मुकादमाच्याबी न्हाई." तीन वर्षांत मी तीस कलमे वाचली, पण शिकवले असे कालच वाटले. इंच कुठून सुरू होतो, हे त्यांना मी माझ्याच पट्टीचे झिजलेले टोक दाखवून समजावले.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर लवकर द्यावे, कारण पुढे दिले आहे.

तुमचा,
सहादेव

ता. क. कारखान्याच्या गोदामातली तुमची पोलादी टेप दोन दिवसांसाठी हवी. पोस्टाने नको, ती घेऊन तुम्हीच या, म्हणजे नव्या पेटीचे माप परगावच्या माणसाच्या टेपने झाले असे होईल. मोजणार साळूबाई, मी फक्त पेटी धरणार.

आणखी एक ता. क. तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराला खाली फट राहते, तिचा दोष मी नऊ वर्षे गवंड्याला दिला. दार सहा फुटी, फट पाऊण इंच. दोष माझा. गवंडी हयात असेल तर त्याला निरोप द्यावा. येताना फट मोजून आणा, हिशेब जुळतो का पाहीन.

शेवटचा ता. क. शुक्रवारी मुकादमाचा माणूस घरी आला होता. तालुक्यातल्या सगळ्या कामांना नव्या पेट्या लागणार, त्या मीच कराव्या, फक्त माप त्यांनी दिलेल्या पट्टीने घ्यावे. पट्टी हातात घेऊन पाहिली. तिचा फूट साडेबारा इंचांचा. मी नाही म्हटले आणि मंडळींना सांगितले. ती तळव्याला तेल चोळत होती. म्हणाली, "न्हाई म्हनलात ते बरं केलं. पन आकडा मला सांगू नका, सकाळी हातोडी उचलायची हाय." म्हणून तिला सांगितला नाही. पण कुठेतरी नोंद असावी, म्हणून तुम्हाला कळवतो, अक्कांना वाचून दाखवू नये: पेट्या चाळीस, पेटीस पस्तीस, एकूण रुपये चौदाशे.