बेसची पेटी आणि हजार फूट

प्रिय ऑर्लिनदादास,

धाकट्या आर्डिसचा नमस्कार. गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हानं तो सुधारला असेल, तर आमच्या मोन्टानाच्या थंडीला नावं ठेवणं आता पुरे कर. वहिनींना सांग, लिंबं पोचली. (अर्धी वाटेतच सडली, हे सांगू नकोस.) मी बरी आहे आणि अजून शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे. ‘अजून’ हा शब्द जपून लिहिलाय, कारण मंगळवारी सकाळी ही एकवीस वर्षांची नोकरी थोडक्यात वाचली.

झालं असं, की हरणांच्या शिकारीचा हंगाम संपायला दोन आठवडे उरलेत आणि माझा फ्रीझर रिकामा. कामावर जाण्याआधी बाबांची रायफल घेऊन ओढ्याकाठी जाऊन बसले. (रायफल माझ्या वाटणीला आली म्हणून तू अजून कुरकुरतोस, माहीत आहे. तुला घड्याळ मिळालं, ते तू हरवलंस.) चांगला दांडगा नर समोर चरत होता. तो आडवा वळेल म्हणून वाट पाहिली, पण त्याला काही घाई नव्हती. मला होती, सत्तर मुलांची न्याहारी व्हायची होती. शेवटी रायफल ट्रकच्या मागच्या काचेवरल्या खुंट्यांना अडकवली, जशी आपल्या घरात तीन पिढ्या अडकवतात, आणि पॅनकेकच्या पिठाचा हिशेब करत निघाले.

रॉइसच्या टायरच्या दुकानापाशी आरशात पाहिलं, तर माझ्या डोक्यामागे रायफलची नळी. पुढच्या वळणावर शाळा. शाळेभोवती हजार फुटांत बंदूक अशी न्यायची नाही, हा वॉशिंग्टनचा कायदा मला पाठ आहे; स्वयंपाकघराच्या दारावर त्याचा कागद मीच चिकटवलाय. ट्रक रॉइसच्या अंगणात घातला. तो हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “काय गं आर्डिस, पोरं गाजर खात नाहीत म्हणून एवढी तयारी?”

एरवी मी हसले असते. पण मागच्या महिन्यात शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर कसं लपायचं, याचा सराव झाला, तेव्हा पहिलीची मुलं माझ्या कोठीत दिवा मालवून बसली होती. त्यातली छोटी टेसा माझा एप्रन धरून सारखी विचारत होती, “आर्डिसआजी, कुलूप लागलंय ना?” ते आठवलं आणि दादा, मला खरंच भीती वाटली, स्वतःचीच.

रॉइस म्हणाला, “रिकामी कर, कुलपात घाल, म्हणजे झालं.” ट्रकमध्ये कुलूपबंद करण्याजोगी एकच वस्तू होती, तुझ्या बेसची, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनची, रिकामी पेटी. (हो, चर्चच्या बँडकडे पोचव म्हणून तू ऑगस्टमध्ये सांगितलं होतंस. आळसाचा असाही उपयोग होतो.) रायफल उघडली, तर आत एकही काडतूस नाही. काडतुसं घरी बिस्किटांच्या डब्यात.

“म्हणजे तू हरणाला नुसती सोबत करत होतीस?” रॉइस म्हणाला.

रायफल पेटीत ठेवली, कुलूप दाबलं. तरी ट्रक तिथंच सोडून चालत शाळेत गेले आणि मुख्याध्यापिका प्रुइटबाईंना स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, “आत आणली नाहीस आणि लपवलंही नाहीस. जा आता, मुलं भुकेली आहेत.” पॅनकेक त्या दिवशी जरा जाड झाले.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुझी,
आर्डिस

ता. क. ते कुलूप नुसतं दाबलं की लागतं, पण उघडायला चावी लागते आणि ती तुझ्या जुडग्यात आहे. ताबडतोब पाठव. तो नर अजून तिथंच चरतोय, आणि रॉइस रोज त्याची खुशाली विचारतो.

ता. क. दुसरा. पत्र दोन दिवस पर्समध्येच राहिलं. आज पुन्हा सराव झाला. गाव लहान, त्यामुळे पेटीची गोष्ट मुलांपर्यंतही पोचली आहे. अंधारात टेसानं एप्रन ओढला. “आर्डिसआजी, तुझ्या पेटीचं कुलूप लागलंय ना?” मी म्हटलं, “लागलंय, आणि चावी पार अ‍ॅरिझोनात आहे.” तेव्हा कुठं तिनं एप्रन सोडला. तर दादा, चावी हंगाम संपल्यावरच पाठव. तोवर लिंबं चालतील.