नवसाचा गूळ

औंध, ४ डिसेंबर २०२४

चि. अंकिता हीस आत्याचा पोटभर आशीर्वाद.

वसतिगृहात मोबाईल ठेवू देत न्हाईत, म्हणून हा कागदाचा उद्योग. तू सातव्या महिन्यात जन्मलीस, मुठीएवढी. डॉक्टरांनी आशा सोडली तवा मी यमाईला बोलले, पोर जगू दे, सोळावं लागलं की तिच्या भारंभार गूळ वाटीन. आता सोळावं लागलं. नाताळच्या सुट्टीत ये, देवळात तराजू बांधू. तवर चांगली जेव, देवीला गूळ कमी पडाय नको!

तुझी, शालनआत्या

सांगली, १० डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

मला तराजूत बसवू नकोस, पाया पडते. इथं मी जिन्यात दिसले की मुली ओरडतात, ट्रॉली आली, वाट द्या. उसानं भरलेली ट्रॉली गं. अश्लेषा माझी मैत्रीण, तीही हसते. मग मीपण हसते. का, ते मला कळत नाही. महिनाभर रात्रीचं जेवण सोडलंय. परवा कवायतीत चक्कर आली. अंगानं भरले म्हणून तुम्ही माझी दृष्ट काढता, इथं त्याच अंगाची चेष्टा. खरं कुणाचं धरू? आणि अख्ख्या गावासमोर माझ्यासाठी ढेपेवर ढेप चढणार, तिथंही सगळे हसणार. रागावलीस तरी माया सोडू नकोस.

तुझी अंकिता

औंध, १५ डिसेंबर

चि. अंकिता हीस आशीर्वाद.

वाचून डोकंच चालंना. आधी रडले, मग त्या पोरींचा राग आला, मग तुझा. अगं येडे, कापूस दुधात भिजवून थेंबथेंब पाजलंय तुला, अन् तू उपाशी निजतीस? जेव म्हणून मी लिवलं, तेबी टोचलं असंल. नवस तर फेडायलाच पायजे. पुजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, नवस बोलणारी बसली तरी चालतंय. तवा मीच बसते. तुझ्यापरास लय जड हाय, देवीचा तोटा न्हाई. गाव हसलं तर मला हसंल, मला काय त्याचं! तू नुसती जेव.

वाट बघणारी, आत्या

सांगली, २० डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

तू बसणार हे वाचून हसू आलं, मग लाज वाटली. मी बसावं की नाही, अजून ठरत नाही. काल रात्री खानावळीत गेले. अश्लेषा म्हणाली, ट्रॉली परत भरायला आली. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. ताट ठेवून उठावंसं वाटलं, पण उठवेना. रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही. आत्या, मला लय भूक लागली होती.

तुझीच, अंकिता