म्हसोबाच्या वळणावरचा दगड

उस्ताद, तेरच्या रस्त्यावरचं आपलं वळण आता राहिलं नाही. गेल्या महिन्यात ते सरळ केलं. दोन्ही बाजूंच्या बाभळी तोडल्या, ओढ्यावर नवा पूल घातला, आणि तिथं कधी वळण होतं हे सांगितलं तर नव्या ड्रायव्हरला पटायचं नाही. माझं पंक्चरचं दुकान फाट्यावरच आहे, त्यामुळं सगळं काम बसल्या जागेवरून बघितलं. तुम्ही जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम कळवावं असं फारसं काही घडलं नाही. काळ्या-पिवळ्या जिपा जवळजवळ बंद पडल्या, ज्याच्या त्याच्या दारात मोटरसायकल आली, हे ऐकून तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या, पण तेवढ्यासाठी मी वही घेऊन बसलो नसतो. बसलोय तो वळणावरच्या दगडासाठी.

दगड कुणाचा हे तुम्ही विसरला नसाल. तो दिवस आठवा, उन्हाळ्याची सकाळ आहे. तुम्ही जीप चालवताय, उजव्या अंगाला एक पॅसेंजर कोंबलेला, म्हणून तुम्ही अर्ध्या सीटवर तिरके. मी डावीकडं, गिअरला गुडघा लावून. तुमच्या हाताखाली शिकायला लागून मला दोन वर्षं झाली होती, चोवीस वर्षांचा होतो. मागून एस.टी. येत होती आणि तिच्या आधी पुढच्या थांब्यावरचे लोक उचलायचे होते. आपला सगळा धंदा त्या पाच मिनिटांवर चालायचा. वळण कापायला तुम्ही गाडी उजवीकडं घातली. समोरून दूधवाला आला, एम-एट्टी मोपेडवर, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. तो त्याच्या बाजूनं येत होता. तो जागेवरच गेला. दूध डांबरावरून कडेच्या खडीत जात होतं आणि पॅसेंजर चपला उचलून बाजूला होत होते, एवढं मला स्वच्छ आठवतं.

पोलीस ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहा घेताना तुम्ही मला म्हणालात, "सायबानं इचारलं तर सांग, त्यो उलट्या अंगानं आला. मेलेल्याला काय फरक पडतो? जित्याचं घर बसंल." तुमच्या घरी तीन लेकरं होती हे मला माहीत होतं. त्याच्या घरी किती, हे मी विचारलं नाही. मी जबाब दिला, तसाच कागद झाला, आणि सगळं खापर किटल्यांसकट त्या माणसाच्या डोक्यावर फुटलं. पुढच्या महिन्यात तुम्ही जीपची चावी माझ्या हातात ठेवलीत, सकाळची फेरी माझी झाली. मी ती चावी कपाळाला लावली होती. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, हेही खरं आहे.

वर्षश्राद्धाला त्याच्या बायकोनं वळणावर दगड उभा केला. कमरेएवढा काळा दगड, त्यावर नाव, गाव, तारीख. त्या दगडासमोरून पहिल्यांदा गाडी नेताना माझा हात आपोआप स्टेअरिंगवरून उठून छातीकडं गेला, तर तुम्ही मनगटावर फटका मारलात. "ह्यो रस्ता हाय, स्मशान न्हाय. हात जाग्यावर ठेव." मग घाट येईपर्यंत, पोहोचल्यावर, जेवताना, तुम्ही त्याच विषयावर बोलत होता. रस्ता चालणाऱ्यांचा असतो. मेला तिथं दगड, असं करत गेलं तर धाराशिवपासून तुळजापूरपर्यंत दगडांची रांग लागेल. ड्रायव्हरचं ध्यान जातं. बाईमाणूस फुलं वाहायला वळणावर येऊन उभं राहतं, उद्या तिलाच कुणी उडवलं तर? घरात फोटो लावा, देवळात अन्नदान करा, रस्त्यावर कशाला? तुम्ही एवढं तावातावानं बोलत होता की हॉटेलवाल्यानं विचारलं, काय झालं. मला तेव्हाही कळत होतं की त्या दगडाचा तुम्हाला त्रास वेगळाच होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि त्या चांदण्यात मीही उभा होतो.

अडचण अशी आहे, उस्ताद, की तुमचं बोलणं चूक नव्हतं. मी हे आज पंक्चरच्या दुकानात बसून, कुणाचीही बाजू न घेता म्हणतोय. बाहेरगावच्या ड्रायव्हरला दगड दिसला की तो मान वळवतो, आणि वळणावर मान वळवणं बरं नाही. पण दुसरीही बाजू आहे. तुम्ही घरात, खाटेवर, दम्यानं गेलात. तुमचा फोटो तुमच्या बैठकीत लावलाय, हार घातलेला, आणि त्याला कुणी अडचण म्हणत नाही. तो माणूस सकाळी घरातून निघाला तो परत घरात आलाच नाही. त्याच्या बायकोला शेवटचं ठिकाण म्हणून दाखवायला तेवढीच हातभर जागा होती. ती जागा रस्त्याच्या कडेला निघाली, हा काही तिचा दोष नाही.

मग म्हसोबा झाला. नवरात्र होतं, जीप तुळजापूरला निघालेल्या बायकांनी भरलेली. मी चालवतोय, तुम्ही शेजारी. मागून एका म्हातारीनं विचारलं, "कंचा देव हाय रं ह्यो, वळणावरला?" खरं तर 'दूधवाल्याचा दगड हाय' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं तोंडातून निघेना. म्हणालो, "म्हसोबा." म्हातारीनं हात जोडले, तिचं बघून सगळ्यांनी जोडले. तुम्ही खिडकीतून पिंक टाकलीत आणि हसलात. "ब्येस केलंस." चार दिवसांनी दगडावर हळद-कुंकू दिसलं. पुढच्या अमावस्येला कुणीतरी नारळ फोडला, त्यानंतर शेंदूर आला. शेंदूर लागला की दगडाला, तू कोण, असं कुणी विचारत नाही. दोन-तीन वर्षांत नाव, गाव, तारीख सगळं त्याखाली गेलं आणि लोक बिनदिक्कत 'म्हसोबाचं वळण' म्हणायला लागले. गंमत म्हणजे गाड्या हळू व्हायला लागल्या. माणसाच्या नावाला कुणी ब्रेक दाबला नव्हता, देवाला दाबला. त्याची बायको दर वर्षी तारखेला येऊन फुलं वाहायची, शेंदरावरच. तिला कुणीतरी म्हणे एकदा सांगितलं, की मावशी, तुमची लई भक्ती दिसती म्हसोबावर.

आता रस्ता रुंद करायला निघाले तेव्हा मोजणीचे साहेब दुकानात आले, हवा भरायला थांबले होते. म्हणाले, वळणावर ते आहे ते धार्मिक आहे की कसं? धार्मिक असलं तर पद्धतशीर हलवावं लागेल, पलीकडं जागा द्यावी लागेल. नुसता स्मृतीचा दगड असला तर अतिक्रमण, उचलून टाकायचा. मी ऐकत हवा भरत राहिलो. म्हणजे तुमचाच प्रश्न होता तो, फक्त आता साहेबाच्या तोंडून आला होता. गावातल्या पोरांनी तोवर मंडळ काढलं होतं. म्हसोबाला पलीकडं पत्र्याचं देऊळ, समोर फरशी. त्यांना एक जुना जाणकार हवा होता, देव पहिल्यापासून तिथंच आहे असं साहेबासमोर सांगणारा. त्या रस्त्यावर पंचवीस वर्षं घासलेला मीच. एक पोरगा गाडीवरून येऊन सांगून गेला, "काका, दुपारी शाळेच्या वट्ट्यावर या, दोन शब्द बोला. फकस्त देव हाय म्हना."

वट्ट्यावर तीसेक माणसं होती. दूधवाल्याची बायको खांबाला टेकून उभी होती, डोक्यावर पदर, आता पुरी पांढरी झालेली. साहेबानं मला विचारलं, किती जुना देव आहे? मी सरळ सांगितलं, "सायेब, देव न्हाय त्यो. म्हसोबा म्या केला." आणि नवरात्रातली म्हातारी, माझं उत्तर, सगळं सांगून टाकलं. पोरं भडकली. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काका, ऊन लागलं का तुमाला? देव म्हनलं तर जागा भेटती, मानूस म्हनलं तर जेसीबी येतो. तुमचं काय जातंय देव म्हनाया?" एका म्हाताऱ्यानं तोड काढली, "केला तर केला. एवढ्या लोकांनी हात जोडले, आता काय त्याचा मानूस व्हतोय व्हय?" हे मला पटण्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात ती बाई बोलली. आवाज चढवला नाही. "देव तुमाला दुसरा भेटंल. लई दगड पडल्यात. ह्यो माझा हाय, म्या तासून घेतला हाय. मला घरी नेऊ द्या." साहेबांना बरंच झालं, त्यांनी लगेच कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन गेलो. तिचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला होता. दगड हलवताना शेंदराची खपली बोटभर जाड निघाली आणि ट्रॉलीत चढवताना अर्धी गळून पडली. तिच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडं, खड्डा आधीच काढून ठेवला होता. उभा केल्यावर तिनं रॉकेलच्या फडक्यानं बाकीचा शेंदूर पुसला. अक्षरं चांगली राहिली होती. शेंदरानंच राखली म्हणायची. तिला वाचता येत नाही, तिनं बोट फिरवून बघितलं आणि पुतण्याला चहा ठेवायला आत पाठवलं.

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुमी त्या जिपात व्हता. कागदावर लिवलंय, हे उलट्या अंगानं आलते. माझ्या सासऱ्यानं मरंपर्यंत तेच म्हनलं, तुझाच नवरा बेशिस्त. मानूस तर बैल घेऊन निघाला तरी कडंनं चालायचा. खरंच उलट्या अंगानं आलते का?"

मी म्हणालो, "न्हाय."

तिनं पुढचं काही विचारलं नाही. कोण चालवत होतं हे तिला पहिल्यापासून माहीत आहे, जबाब कुणी दिला तेही. पदर डोळ्याला लावला, मग म्हणाली, "चहा घेऊन जावा." मी घेतला. साखर जास्त होती.

हे तुमच्या थोरल्याला वाचायला द्यावं असं एकदा मनात आलं होतं. तो दुकानावर येतो, हवा भरतो, मला काका म्हणतो. देणार नाही. त्याच्या बापाचा फोटो तसाच राहू दे भिंतीवर. तुमच्याविषयी माझ्या मनात राग नाही, तुम्ही मला हातातली विद्या दिलीत आणि त्यावर माझं घर चाललं. पण तिच्या अंगणातून परत येताना लोकांनी मला वाटेत थांबवून सांगितलं, की वट्ट्यावर खरं बोललात, छाती लागते त्याला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. उस्ताद, तुम्ही जिवंत असता, तर त्या बाईला मी 'व्हय, उलट्या अंगानंच' म्हणालो असतो.