चाळीस सकाळींचे आकडे

४ जून

चिरंजीव ठमाबाई यांस,

बाबाचे पोतंभर आशीर्वाद. आत्या आग्रह करकरून जेवायला घालत असणार, तेव्हा आशीर्वादाबरोबर थोडी सहानुभूतीही पाठवतो.

इकडे सगळं ठीक, म्हणजे नेहमीसारखंच थोडं मोडकं. आईचा गुडघा कुरकुरतो, स्वयंपाकघरातला नळ गळतो आणि मी दोघांनाही "बघतो, बघतो" म्हणतो. शेजारच्या चावीवाल्याने दुकानाला रंग दिलाय. पोपटी! डोळे मिटले तरी दिसतो. मी त्याला म्हटलं, आता लोकांना तुझं दुकान शोधायला नको, चुकवायला मात्र कष्ट पडतील.

काल तो जाडा किराणावाला तराजू घेऊन भांडायला आला होता. म्हणे, तुम्ही दुरुस्त केल्यापासून काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकतो. मी त्याच्यासमोर वजनं टाकून दाखवली. काटा मधोमध. "काटा सरळच आहे शेठ, तुम्हालाच सवय नाही," म्हटलं. चावीवाला इतका हसला की त्याच्या हातातली चावी वाकडी घासली गेली.

आत्याचा फोन आला होता. नव्या शाळेत तू विज्ञान सोडून टायपिंग आणि ऑफिसकामाचा वर्ग घेणार म्हणालीस असं कळलं. आईला वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, टायपिंग काही वाईट नाही, पंख्याखाली बसून काम. पोरीचा कल असेल तसं करू दे.

त्या स्पर्धेचं आता डोक्यात ठेवू नकोस. शिष्यवृत्ती काय, कोणाला तरी एकालाच मिळते. जिंकणाऱ्या मुलीला ते दोन वर्षांचं विज्ञान विद्यालय, तिथलं वसतिगृह, प्रयोगशाळा सगळं मिळालं, छान झालं. तुला नाही मिळालं म्हणून आभाळ कोसळत नाही. परवा रस्त्यात विज्ञानाच्या बाई भेटल्या. तुझी चौकशी करत होत्या. मी बरं आहे म्हटलं आणि चावीवाल्याच्या रंगाबद्दल बोलत बसलो.

तुझी निळी वही तू इथेच विसरलीस. वरच्या फळीवर ठेवली आहे. उघडली नाही. पाठवू का?

झालं गेलं विसर. तब्येत सांभाळ, आत्याला उलट बोलू नकोस, म्हणजे माझ्याइतकं तरी नको.

तुझा,
बाबा

*

१९ जून, बुधवार

ठमे,

आज आशीर्वाद लिहीत नाही. ते देणाऱ्याचं तोंड आधी स्वच्छ असावं लागतं.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. तीनच ओळी. "बाबा, वही पाठवू नका, रद्दीत घाला. माझंच मोजायला चुकलं असणार. सोमवारी चोवीसला फॉर्मची शेवटची तारीख आहे, मी ऑफिसचा वर्गच भरणार." आईने ते मोठ्याने वाचलं आणि घडी घालून डब्याखाली ठेवलं. मी चहा पीत होतो. तो गार झाला तरी कप हातातच होता.

तुझं मोजायला चुकलं नव्हतं. हे मी पहिल्या दिवसापासून जाणतो.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "असू दे बाबा" म्हणशील आणि मी लगेच "बरं" म्हणून मोकळा होईन. मी असाच सुटत आलोय. म्हणून लिहितोय. बसच्या ड्रायव्हरच्या हाती देणार आहे, शुक्रवारी आत्याच्या दारात पोहोचेल. शेवटपर्यंत वाच, मग फाडलंस तरी चालेल.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी तू भाषणाची तयारी करायला शाळेत गेली होतीस. जाताना म्हणालीस, "बाबा, तराजू तुम्हीच खोक्यात बांधा, तुमच्यासारखं कोणाला बांधता येत नाही." केवढा फुगलो मी! तराजू दुकानातल्या टेबलावर घेतला. माझ्याच भंगारातला तो जुना, तू हट्टाने मागून घेतलेला. खोक्यात घालण्याआधी सवयीने दोन्ही पारड्यांत वजनं टाकली. काटा हलला, मध्यावर आला नाही. दांडी ज्या पोलादी धारेवर टेकते ती धार एका बाजूने झिजलेली होती.

मी ती दगडावर घासली. धारेची बैठक अर्ध्या केसाने सरकवली, तेलाचा थेंब दिला. पंधरा मिनिटांचं काम. परत वजनं टाकली, काटा मधोमध. मग कापूस लावून, दोरी बांधून खोकं बंद केलं.

तीस वर्षांत माझ्या टेबलावरून खोटा तराजू बाहेर गेलेला नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तेव्हा हाताच्या सवयीने झालं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला लाज वाटली. एवढी मोठी स्पर्धा, शहरातले प्राध्यापक परीक्षक, आणि तराजूवाल्याची पोर तराजू घेऊन जाते तोच चुकीचा! लोक माझ्याबद्दल काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. तुझ्याबद्दल काय म्हणतील हे आलं नाही.

तू विचारशील, एवढंही कळलं नाही का, की तो चुकत होता म्हणूनच मी तो घेतला होता? नाही गं. नाही कळलं. शनिवारी तुझं कार्ड आल्यावर मी वही काढली आणि पहिल्यांदा वाचली. चाळीस सकाळी तू शाळेत जाण्याआधी तीच वजनं त्याच तराजूवर टाकलीस. अर्ध्या किलोला चार ग्रॅमचा फरक, किलोला आठ, दोन किलोला सोळा. रोज तेच. त्यावरून तू तक्ता केलास, की ज्याच्याकडे असा झिजलेला तराजू असेल त्याने तक्ता बघून खरं वजन काढावं. इतकी साधी, इतकी शहाणी गोष्ट! माझ्या सबंध धंद्यात हे कोणाला सुचलं नाही. सतराव्या पानावर समासात तू बारीक अक्षरात लिहिलंयस, "बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते हं म्हणाले."

मी जेवत होतो तेव्हा. तू चाळीस दिवस सांगत होतीस आणि मी घास घेत घेत हं करत होतो. शपथेवर सांगतो, एक अक्षर ऐकलं नव्हतं. तू तराजूवर काहीतरी करतेयस, बापाचा धंदा पोरीने उचललाय, एवढ्यावरच खूश होतो. बाकी काय ते बाई बघतील.

आणि त्या दिवशी हॉलमध्ये मी मागच्या रांगेत उभा होतो. तू दोन किलो टाकलेस, काटा डौलात येऊन बरोबर मध्यावर थांबला, आणि मला आनंद झाला, ठमे. मी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलंसुद्धा. मग तुझ्याकडे पाहिलं. तू वजनं उतरवलीस, परत टाकलीस. परत. तीनदा. तो चष्मेवाला परीक्षक म्हणाला, "तुमच्या तक्त्याप्रमाणे सोळा ग्रॅमचा फरक दिसायला हवा. दिसतोय?" तू म्हणालीस, "नाही सर." "मग चाळीस दिवस काय दिसत होतं?" तू म्हणालीस, "दिसत होतं, सर." तुझा आवाज मागेपर्यंत आलाच नाही, ओठांवरून कळलं. "आकडे संशयास्पद," असं मोठ्याने म्हणत त्याने तुझ्या कागदावर तेच लिहिलं. तेव्हा मला कळलं. पाच पावलं चालून पुढे यायचं होतं. माझे पाय हलले नाहीत.

बसमध्ये तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला तरी पटतं ना, मी मनाने आकडे लिहिले नाहीत?" मी म्हटलं, "हो गं." तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. आता कसं सांगायचं, असं मी त्या वेळी म्हटलं. मग रोज म्हटलं.

अजून एक आहे, ते सगळ्यात वाईट. निकालाविरुद्ध दाद मागायला तीस दिवस होते. बाई दुकानात आल्या होत्या, तुला ठाऊक नाही. त्यांनी सरळ विचारलं, "घरी कोणी तराजूला हात लावला होता का? तसं असेल तर लिहून द्या, मी फेरतपासणी मागते." मी त्यांच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हटलं. चावीवाला दारात उभा होता, गिऱ्हाईक होतं. चार लोकांत लाज जाईल म्हणून पोरीचं दोन वर्षांचं शिक्षण घालवलं. तीस दिवस मी कॅलेंडरकडे बघत काढले. एकतिसाव्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो. आता लपवायला काही उरलेलं नको.

सोमवारी दुकान बंद ठेवून स्पर्धेच्या कचेरीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. पुरावा मागितला. तो कुठून आणू? घासून गेलेलं पोलाद परत आणता येत नाही. माझा शब्द तेवढा आहे, म्हटलं, आणि तोही इतके दिवस खोटा होता. त्याने माझा जबाब लिहून घेतला, तुझ्या कागदाला टाचला. शिष्यवृत्ती मिळणार नाही. ती मुलगी रुजू झाली, तिने कोणाचं काही घेतलेलं नाही, आणि जागा एकच होती. "दोन महिने आधी आला असतात तर," एवढंच तो म्हणाला. चांगला माणूस होता, म्हणून जास्त लागलं.

काल बाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, वर्गात पोरं तिला थापाडी म्हणत होती ना, मला त्यांच्यासमोर उभं करा. त्यांनी केलं. तुझ्या त्या प्रयोगशाळेत, फळ्याजवळ. आजवर मी कधी आलो नव्हतो, तू किती वेळा बोलावलं होतंस. जे तुला वर लिहिलं तेच सांगितलं. कोणी हसलं नाही. तुझ्या बाकावरची ती दोन वेण्यांची मैत्रीण उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हे तिला माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "मग आम्हाला आधी का सांगितलंत?"

घरी येऊन आईला सांगितलं, तिनेही तेच विचारलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. भांडी आपटली असती तरी बरं वाटलं असतं. कारकून, बाई, तीस पोरं, तुझी आई, सगळ्यांना तुझ्याआधी सांगून झालं. कारण त्यांच्यापैकी कोणीच मला बाबा म्हणत नाही, गं. तू म्हणतेस. तुझ्या तोंडून ते बंद होईल याची भीती मला शिष्यवृत्तीपेक्षा मोठी वाटली. असा बाप आहे तुझा.

वही रद्दीत घातलेली नाही. या पत्राबरोबर पाठवतोय. फॉर्मवर काय भरायचं ते तू ठरव. मागच्या पत्रात टायपिंग बरं असं लिहिलं होतं, ते मी माझ्या सोयीसाठी लिहिलं होतं. विज्ञान घे असं म्हणायचाही मला आता अधिकार नाही. फक्त "माझं चुकलं" असं समजून भरू नकोस. चाळीसच्या चाळीस सकाळी तू जे पाहिलंस ते तिथे होतं. तुझे डोळे चांगले आहेत.

मला माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं. ते मागितलं की तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग हेही मी तुझ्याकडून फुकट उकळल्यासारखं होईल. तेव्हा मागत नाही. रागव. हवं तितके दिवस रागव. आत्याला सांग, मैत्रिणींना सांग, माझं नाव घेऊन सांग.

तुझे आकडे खरे होते. खोटा मी होतो.

तू अजून म्हणत असशील तर,
बाबा