समुद्रातली काथवट

श्री

मु. कोल्हापूर, गावाबाहेरची झोपडी
कार्तिक वद्य ५, शके १८२१

ती. सौ. आक्का हीस
धाकटा भाऊ सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या पोरांची खुशाली मला तुझ्या पत्रातून कळायची, ती गुळाच्या गाडीवानाकडून कळली. याबद्दल तुझे किती आभार मानावेत ते समजत नाही. आकाराम काल वेंगुर्ल्याला गूळ उतरवून परत आला. मी पागेत एका अडेल शिंगराला फेर देत होतो, तर साऱ्या मोतद्दारांसमोर त्यानं मला विचारलं की सयाजीराव, तुमची पोरं आता खारवी झाली की काय. सगळे हसले. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातून दोर सुटला. वीस वर्षांच्या चाकरीत असं कधी झालं नव्हतं.

कृष्णात होडीची मोडकी फळी पोटाखाली धरून लाटांवर बसतो म्हणे. बारा वर्षांचा घोडा झाला, त्याला अक्कल नाही असं एक वेळ धरू. पण शालू? नऊ वर्षांची पोर, कासोटा मारून, भर समुद्रात? आणि तिच्या पोटाखाली काय, तर तिच्या आईची लाकडी काथवट!

आक्का, ती काथवट भाकरीचं पीठ मळायला दिली होती. तुमच्याकडे तिन्ही त्रिकाळ भात, पोरांची आबाळ होईल, म्हणून त्यांच्या आईनं घरातली काथवट गाडीत घातली आणि स्वतः परातीत पीठ मळीन म्हणाली. होडी म्हणून दर्यात ढकलायला दिली नव्हती. मी पोरं तुझ्याकडे पाठवली ती प्लेगापासून जगावीत म्हणून. बुडवायचीच होती तर रंकाळा काय वाईट होता? घाट उतरायचा त्रास तरी वाचला असता.

तेव्हा दोन गोष्टी कर. काथवट गोणपाटात बांधून आकारामच्या पुढच्या खेपेला परत पाठव. पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देऊ नकोस. मार्गशीर्षी पुनवेला मी स्वतः येतो आणि दोघांना घेऊन जातो. इथं जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर होईल.

इकडे घरचे सर्व ठीक. दाजींना नमस्कार सांग. माया आहे ती ठेव, पण पोरांवर जरा कमी दाखव.

तुझा
सयाजी

* * *

श्री

मु. वेंगुर्ले, बंदरावरची वखार
कार्तिक वद्य ११

चि. सयाजी यास आक्काचे अ. आ.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. मग मीच घेऊन वाचलं. उत्तरही मीच लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे. तुझ्या जिभेपेक्षा सरळच असेल.

पोरं आली तेव्हा कशी होती ते तू पाहिलं नाहीस. घाटातल्या प्लेगच्या छावणीत दहा दिवस बसवून सोडलेली, अंगाला औषधाचा वास. पंधरा दिवस दोघं वखारीच्या दाराकडे तोंड करून बसत. मी काथवटीत पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, तशाच कुत्र्याला घातल्या. शालू तर बोलायचीच बंद झाली होती. मग एकदा मासळी घ्यायला गेले तेव्हा दोघांना बरोबर नेलं. करीम नाखवाची पोरं फळ्या घेऊन लाटांत खेळत होती. शालू बघत उभी राहिली ती हलेना.

करीम नाखवा पन्नाशीचा माणूस आहे, साऱ्या बंदरात त्याच्या शब्दाला मान. तो स्वतः छातीभर पाण्यात उभा राहतो, तेव्हाच पोरं आत जातात. लाटेकडे पाठ करून थांबायचं, पाणी कमरेला लागून उचलू लागलं की फळीवर पोट टाकायचं नि पाय झाडायचे. मग लाटच आणून वाळूत सोडते. तुझा कृष्णात पहिल्याच दिवशी काय करून बसला, ऐक. फळीच्या टोकाला त्यानं सुंभ बांधला, लगाम म्हणून! लाट आली तसा यानं लगाम खेचला, फळीचं तोंड वर झालं आणि स्वारी खाली डोकं वर पाय. हनुवटी फुटली. करीम नाखवा म्हणाला की तो दोर टाकून दे, तर हा म्हणतो की चाबुकस्वाराचा पोरगा लगाम सोडत न्हाय, आबांनी तसं शिकवलंय. रोज खेचतो नि रोज पडतो. कुणाचा हट्ट घेतलाय ते मला विचारू नकोस.

शालूला फळी जड होते. तिनं मला न विचारता काथवट उचलली, उपडी केली आणि तिच्यावर पडून पहिल्याच लाटेबरोबर थेट माझ्या पायाशी आली. मी थोबाडीत द्यायला हात उचलला होता. सयाजी, पोर हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा. माझा हात खाली आला, आणि आलेलाच बरा. त्या रात्री तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता तुझं. याच कृष्णातला तू सहाव्या वर्षी बिनखोगिराच्या घोड्यावर टाकला होतास. तो पडला, पुढचा दात गेला, आणि तू हसून सगळ्या गल्लीला सांगत सुटलास. तेव्हा कुठं गेली होती ही माया? जिथं रोज मेलेली माणसं गाडीनं नेतात तिथं तू पोरांना परत नेणार, का, तर इथं त्यांचे पाय ओले होतात? मी पोरं देणार नाही. पुनवेला ये, नाहीतर आणखी कधी ये. दारात आडवी पडेन.

आणि एक विचारते. चार पत्रं झाली, दरेकात विचारते आहे की माझी भावजय धोंडुबाई कशी आहे. तू घरचे सर्व ठीक एवढंच लिहितोस. दिवाळीत तिच्यासाठी खण पाठवला, तो आवडला का, एवढंही कळवायला तुझी लेखणी झिजते? ती रुसली असेल तर तसं सांग. तिच्या हातची एक ओळ येऊ दे, तिला अक्षर येत नसलं तरी तुझ्याकडून लिहवून.

रागावून लिहिलं आहे, राग तसाच आहे. तरी खाणंपिणं सांभाळ.

तुझी
आक्का

* * *

मु. कोल्हापूर
मार्गशीर्ष शुद्ध २

ती. आक्का हीस शि. सा. न.

तुला ओळ पाहिजे ना तिच्या हातची? घे.

धोंडू गेली. आश्विनात गेली. खंडेनवमीला मी पागेत सरदारांच्या घोड्यांना हार घालत होतो आणि तिला पहाटेपासून ताप होता. तिनं सांगितलं नाही, सणाच्या दिवशी कशाला म्हणून. संध्याकाळी आलो तर काखेत गाठ. दोन दिवसांत संपलं. पोरं तेव्हा घाटातल्या छावणीतच होती, तुझ्यापर्यंत पोचलीही नव्हती. घोड्याच्या डोळ्यात पाहून त्याचं काय दुखतं ते ओळखणारा मी, लोक लांबून मला विचारायला येतात. घरातल्या माणसाचा ताप मला दिसला नाही.

मग औषध मारणारे आले. लुगडी, वाकळा, उशा, तिची फणी, कुंकवाचा करंडा, उखळाजवळची केरसुणीसुद्धा ओढून बाहेर नेली आणि पेटवली. मी हात जोडले की एक लुगडं ठेवा. हुकूम आहे म्हणाले. घरात तिचा हात लागलेली एक वस्तू उरली नाही. उरली ती एक, तुझ्याकडे. तिच्या तळव्यानं मध्यभागी खळगा पडलाय बघ. बारा वर्षांचा खळगा आहे तो. आणि तिच्यावर तुम्ही लाटा खेळता! त्या दिवसापासून मला कुणाच्या तरी मुस्कटात मारावी असं वाटतं. कुणाच्या ते सापडत नाही.

आकारामला मीच शपथ घातली होती, त्याला बोल लावू नकोस. पोरांना सांगू नकोस. मी आल्यावर सांगीन. पुनवेला येतोच.

सयाजी

* * *

श्री

मु. वेंगुर्ले
मार्गशीर्ष शुद्ध ९

चि. सयाजी यास अ. आ.

दोन दिवस मी लिहू शकले नाही. पहिला दिवस रडण्यात गेला, दुसरा तुझ्या नावानं बोटं मोडण्यात.

तू मला सुतकात दिवाळी करायला लावलीस. मी करंज्या तळल्या. गेलेल्या बाईसाठी खण निवडत दुकानात तासभर बसले, हिरवा की जांभळा म्हणून. आकाराम माझ्या ओसरीवर लाडू खाऊन तो खण घेऊन गेला आणि मान वर करून बघितलं नाही. धोंडूला मी नणंद म्हणून कधी छळलं नाही रे, मग मला तिच्यासाठी रडायचासुद्धा हक्क नव्हता? एकटा बसलास ते दुःख उशाला घेऊन. मोठा शहाणा.

आणि पोरांना सांगू नकोस म्हणतोस. शालूला ठाऊक आहे.

तुझं काथवटीचं पत्र आलं तेव्हा ह्यांनी दोघांसमोर वाचलं, काथवट परत पाठव इथपर्यंत. शालू तिथून उठून गेली. मला वाटलं खेळ बंद झाला म्हणून रुसली. काल तुझं हे पत्र पदराखाली दडवून मी चुलीपाशी बसले होते, तर ती जवळ आली आणि तिनं मला विचारलं की आत्या, आई न्हाय ना आता? मी कुणी सांगितलं म्हणून दरडावलं. ती म्हणाली की आईनं दिलेली वस्तू आई कधी परत मागत न्हाय. आबांनी मागितली. आणि आबांना भाकरी थापता येत न्हाय, मग त्यांना काथवट कशाला पाहिजे?

दीड महिना तुझ्या मिशा नि तुझी शपथ जे दडवून बसल्या, ते नऊ वर्षांच्या पोरीला दोन ओळींत कळलं. मग मी कृष्णातला सांगितलं. तो फळीचा सुंभ दातांनी तोडायला बसला आणि तुटेना म्हणून फळीच दगडावर आपटली.

आज सकाळी शालू अंथरुणात नव्हती, काथवटही नव्हती. मी अनवाणी धावले. एकवीस वर्षं या गावात आहे, समुद्राच्या पाण्याला मी कधी घोट्यावर येऊ दिलं नव्हतं. पोर गुडघाभर पाण्यात उभी होती आणि काथवट धूत होती. पुढं जात नव्हती. करीम नाखवा वाळूत बसला होता, त्यानं तिला हाक मारली नव्हती. मी लुगडं खोचून आत गेले, एक लाट आली नि आम्ही दोघी पडलो. काथवट सुटली. कृष्णात मागून कधी आला कळलं नाही, त्यानं फळी नसताना उडी घेतली आणि काथवट धरून पुढच्या लाटेवर पोटानं बाहेर आला. हातात लगाम नव्हता, म्हणून पडला नाही. बाहेर आल्यावर मात्र जो ओरडून रडला, तो अजून कानात आहे.

दुपारी मी त्याच काथवटीत पीठ मळलं. भाकरी खारट झाली. आम्ही तिघांनी खाल्ली.

आता ऐक. काथवट मिळणार नाही. ती पोरांची आहे, तुझी नव्हे. भेटायला ये, रडायला ये, माझ्याशी भांडायला ये. पोरांना त्या जागी न्यायला येणार असशील तर मला बहीण म्हणू नकोस.

एवढं बोलले तरी तू माझा पाठचा आहेस, ते काही सुटत नाही.

आक्का

* * *

श्री

मु. कोल्हापूर
पौष शुद्ध ३

ती. सौ. आक्का हीस सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

पुनवेला मी निघालो होतो. घाटाच्या तोंडाशी पोचलोही. तिथं छावणीत दहा दिवस बस म्हणाले. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, चाकरीची ओळख सांगितली, शिव्या दिल्या. कुणी ऐकलं नाही. रागानं फणफणत पडवीत बसलो. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी झोपणाऱ्या चंदगडकडच्या माणसाला ताप भरला. त्याची काख बघायला मला सांगावं लागलं नाही.

मी तिथून उठलो आणि सांगितलं की मला खाली जायचं नाही. दहा दिवस पुरे करून घोडा माघारी वळवला. खाली पोरांकडे मी काय घेऊन येणार होतो, ते मला त्या माणसाकडे बघून कळलं. तू दारात आडवी पडणार होतीस, ते बरोबर होतं. हे लिहिताना मला तुझा फार राग येतो आहे, पण बरोबर होतं.

पोरं तुझ्याकडेच राहू देत, रोग हटेपर्यंत. कृष्णातला सांग, लगाम सुटला की घोडा गेला, हे मी शिकवलं ते घोड्याचं. समुद्राचं मला काही कळत नाही. करीम नाखवा सांगेल तसं कर. नाखवांना माझा सलाम सांग. माझी पोरं पाण्यात असताना ते छातीभर पाण्यात उभे राहिले, मी इथून त्यांना शिव्या दिल्या.

काथवट पाठवू नकोस. पण मीठ लाकडाला खातं, तेव्हा समुद्रातून आली की गोड्या पाण्यानं धू, सावलीत वाळव आणि दर चार दिवसांनी तेलाचा हात फिरव. खळग्यात जास्त लाव. धोंडू तसंच करायची, मी बघत बसायचो.

शालूला सांग की आबानं परात आणली आहे. पागेतल्या मोतद्दाराची म्हातारी भाकरी थापायला शिकवते. ती म्हणते हात घोड्याचा आहे, पिठावर फार जोर पडतो. कडा फुटतात, गोल होत नाही. पण भाजलेली खाल्ली मी काल, पहिली.

खण माझ्याकडे आहे. तो जांभळा आहे. आक्का, तिला जांभळाच आवडायचा.

राग संपला की पुन्हा लिहीन. तोवर तुम्ही तिघं जीव सांभाळा, म्हणजे मला भांडायला कुणी उरेल.

तुझा
सयाजी