जमिनीवरचा आकडा

५ जानेवारी, रविवार

आले एकदाची नाशिकला. देवळ्याहून निघताना आईने इतकं सामान बांधून दिलं की टेम्पोवाल्याने विचारलं, ताई, संसार थाटायला चालल्या का. गंगापूर रोडवरची ही खोली लहान आहे आणि लिफ्ट बंद, पण बाल्कनीत ऊन छान येतं. उद्यापासून पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये रुजू व्हायचं. द्राक्षांचे घड तपासायचे, डागी मणी दिसला की पेटी बाजूला. खोट काढण्याचा पगार मिळणार, म्हणजे आईच्या मते माझ्या जन्माचं सार्थक झालं.

समोरच्या दारात आभा राहते. एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ओळखदेख नसताना तिने पिण्याचं पाणी आणून दिलं, संध्याकाळी थालीपीठ दिलं आणि विचारलं, रविवारी काय करतेस. मी म्हटलं, कपडे धुते. ती हसतच सुटली. पुढच्या रविवारी तिच्याबरोबर कुठलासा खेळ खेळायला जायचं ठरलंय.

१२ जानेवारी, रविवार

फार मजा आली. आभाचा कॉलेजातला मित्र मयुरेश, त्याच्या घरी हा खेळ चालतो. तो गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी हरणी नावाची वाटाडी झाले. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की काम फत्ते, एक आला की सत्यानाश. आपलं माणूस मेलं तर ही गोष्ट संपेपर्यंत घरी बसायचं. गोष्ट पावसाळ्यापर्यंत चालणार म्हणे. म्हणजे मरून चालणार नाही, नाहीतर पुन्हा आहेच धुणं.

तिपाई लहान असल्यामुळे फासा सारखा खाली पडतो. दुसरीकडे असा डाव बाद धरतात. इथे तो धरायचाच, अशी रीत आहे. ज्याने टाकला त्याने वाकून आकडा बघायचा आणि मोठ्याने सांगायचा. दुसऱ्या कोणी बघायचं नाही. धनराज म्हणून एक जण आहे, पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर असतो. तो म्हणाला, वरती नशीब दिसतं, खाली माणूस दिसतो, असं हाय हे. म्हणून नव्या माणसाला जामीन लागतो. आभाने लगेच हात वर केला. सृष्टीचं खोटं निघालं तर माझ्यावर, म्हणाली. मयुरेशने तिला जमिनीला हात लावून ते पुन्हा म्हणायला लावलं. मला हसू आलं. त्याला आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

लिहायची लाज वाटते, पण इथे तरी खरं लिहावं.

हरणीला कड्यावरून उतरायचं होतं. फासा घरंगळला आणि सोफ्याखाली गेला. मी वाकले. एक. हरणी मेली, माझे रविवार गेले, पुन्हा ती खोली आणि मी. सगळे माना वळवून शहाण्यासारखे थांबले होते. मी चौदा म्हटलं. धनराजने टाळी दिली. आभाने तिच्या वाटची नारळाची वडी माझ्या बशीत ठेवली आणि मी ती खाल्लीसुद्धा.

डागी मणी मी एका नजरेत बाहेर काढते. आणि ही मी.

२२ जानेवारी, बुधवार

आभा जिन्यावरून पडली. पाय घसरला नाही, कोणी ढकललंही नाही, पायरीच नव्हती असं वाटलं, असं ती सांगते. घोटा सुजलाय. तिला चहा करून दिला, भांडी घासली. तुझ्यासारखी शेजारीण नशिबाने मिळते, म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

२६ जानेवारी, रविवार

आभा लंगडत आली. आज गोष्टीत हरणीने विहिरीचं पाणी प्यायलं. ते विषारी आहे की नाही हे फाशाने ठरवायचं होतं. फासा पुन्हा खाली गेला. मुद्दाम नाही टाकला. पण जोरात टाकला हे खरं. दोन. मी सतरा सांगितलं. एकदा जमलं की दुसऱ्यांदा जीभ अडत नाही.

पण वाकल्यावर वेगळंच दिसलं. तिपाईपलीकडे सगळ्यांचे पाय होते, आणि त्यांच्यामध्ये कोणीतरी मांडी घालून बसलं होतं. राखाडी, उघडे गुडघे. पंगतीत वाढायची वाट बघत बसावं तसं. मी झटकन वर आले. वर आम्ही चौघंच.

२८ जानेवारी, मंगळवार

आभाला पहाटेपासून उलट्या. सलाइन लावलंय. बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. घशाखाली गेलेलं पाणी कडू लागलं, म्हणते.

कडा. मग विहीर. जे हरणीला व्हायचं होतं ते —

माझ्यावर, असं तीच म्हणाली होती. जमिनीला हात लावून.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगायचं ठरवून गेले होते. आभा अशक्त होती तरी आली, माझ्या शेजारीच बसली. मयुरेश म्हणाला, हरणी आहे म्हणून आपण सगळे अजून जिवंत आहोत. सगळे हसले. त्या हसण्यात मीही हसले आणि सांगायचं राहिलं.

गोष्टीत भुयार कोसळत होतं. फासा मी तिपाईच्या मधोमध टाकला, अगदी हळू. तरी कडेपर्यंत गेला आणि पडला. खाली ते होतंच. त्याने फासा बोटाने माझ्याकडे सरकवला. एक. मग हात उताणा करून थांबलं.

वीस, म्हणाले मी. घाबरून म्हणाले. नाही. हरणी मरेल म्हणून म्हणाले.

३ फेब्रुवारी

आभा आयसीयूत. श्वास घेता येत नाही. फुप्फुसं स्वच्छ आहेत, डॉक्टरांना काही सापडत नाही. छातीवर दगड रचल्यासारखं वाटतं, म्हणते. तिच्या आईला सांगत होती, सृष्टी आहे ना, तू काळजी करू नको. माझा हात धरून सांगत होती.

तो हात मी कितीतरी वेळ धुतला.

६ फेब्रुवारी

मयुरेशला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, आकडा कोणता होता. मग म्हणाला, परत घेता येतो. फासा त्याच जागी टाकायचा, जमिनीवर, आणि पडेल तो खरा वाचायचा. जो वाचेल त्याच्यावर येईल.

माझ्यावर. येऊ दे. आलंच पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

मयुरेशच्या बाथरूममध्ये बसून लिहितेय. कडी लावलीय. वही पर्समध्ये होती. 

टाकला. मयुरेशने धनराजलाही सांगितलंय; दोघे भिंतीकडे तोंड करून उभे. ते राखाडी समोर, मांडी घालून. फासा पडला. एक. अगदी लख्ख, ट्यूबलाइटखाली. एक शब्द म्हणायचा होता. शाळेतलं पोरही म्हणतं तो.

छातीवर दगड. माझ्या छातीवर. तोंड उघडलं आणि —

अठरा म्हटलं.

धनराज रडायला लागला. मला ठाऊकच होतं, पोरगी मनाने चांगली हाय, म्हणाला. डोक्यावर हात ठेवला माझ्या. मयुरेश म्हणाला, सुटली आभा. विश्वास ठेवला. पुन्हा. मी मान हलवली.

बाहेर फोन वाजतोय. उचलला. मयुरेश विचारतोय, कधी गेली. 

धनराज आभाच्या नावाने —

दाराखालच्या फटीतून फासा आत आला. हळू. पायाशी थांबला. मी बघणार नाही. मी वाचणार नाही.

फटीत बोटं. हात उताणा केलाय.

आता माझ्यासाठी जामीन कोण —